ऑनलाइन स्वस्त बेस गिटार घेताना : आधी केबल, मग वाद्य, आणि परतीची मुदत संपण्याआधी निकाल

नागपुरात सहा तारांची गिटार हाताळून, वाजवून घेता येते. बेसच्या, म्हणजे खर्जातले स्वर वाजवणाऱ्या गिटारच्या, बाबतीत तशी सोय फारशी नाही. बर्डीवर किंवा सदरमध्ये वाद्यांच्या दुकानात गेलो, तर भिंतीवरच्या दहा-बारा गिटारींच्या रांगेत एखादी बेस टांगलेली दिसते, आणि ती आपल्या खिशाला परवडणारी असेलच असे नाही. म्हणून बहुतेक नवशिके ऑनलाइन मागवतात आणि ठरावीक तीन चुका करतात : सगळे पैसे वाद्यावरच खर्च करतात, वाद्य घरी आल्यावर ते जोडून ऐकण्याची सोय त्यांच्याकडे नसते, आणि दोष लक्षात येतो तेव्हा परतीची मुदत उलटून गेलेली असते. स्वस्त बेसमध्ये काही ना काही उणे निघणारच, हे धरून चालावे. त्यातले सेटअपने, म्हणजे वाद्याच्या बारीक जुळवणीने, सुटणारे काय आणि वाद्य परतच करावे असे काय, हे मुदतीच्या आत ओळखता यावे, यासाठी पुढील टप्पे त्याच क्रमाने पाळावेत.

टप्पा १ : पैशांची वाटणी कागदावर करणे

समजा, आपल्याकडे एकूण २०,००० रुपये आहेत. अशा वेळी वाद्य १४,००० च्या वर जाऊ देऊ नये, असे माझे मत आहे. उरलेल्या रकमेतून ऐकण्याची सोय, ६.३५ मिलिमीटरच्या पिनची चांगली केबल, रुंद पट्टा, ट्यूनर, बेसच्या मापाची बॅग आणि एका सेटअपची मजुरी भागवायची असते. तारांचाही विचार आत्ताच करावा, कारण बेसच्या चार तारांचा संच गिटारच्या सहा तारांच्या संचाच्या कितीतरी पट महाग असतो आणि स्वस्त वाद्यावर कारखान्यातून आलेल्या तारा बऱ्याचदा निस्तेज निघतात.

ऐकण्याच्या सोयीबद्दल घाई करू नये. सरावासाठी १५ ते २५ वॅटचा, वाद्याचा आवाज मोठा करणारा बेसचा अ‍ॅम्प पुरतो; पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, विशेषतः ज्याला रात्रीच वेळ मिळतो त्याला, बेसमध्येच खोचता येणारा छोटा हेडफोन अ‍ॅम्प किंवा संगणकाला जोडायचा ऑडिओ इंटरफेस अधिक उपयोगी पडतो. बेसचा नाद भिंतींतून शेजाऱ्यांकडे फार लवकर पोहोचतो.

*सावधान :* घरात पडून असलेल्या गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस हळू आवाजात तपासायला हरकत नाही; परंतु आवाज मोठा केल्यास त्याचा स्पीकर फाटू शकतो. कराओकेच्या स्पीकरमध्ये बेस थेट जोडली तर आवाज पातळ आणि मिणमिणता येतो, आणि दोष वाद्यात आहे की जोडणीत हे कळतच नाही.

टप्पा २ : कोणती बेस हे ठरवणे

पहिली बेस चार तारांचीच घ्यावी. एका ओळखीच्या मुलाने ‘तेवढ्याच पैशांत एक तार जास्त’ या हिशेबाने पाच तारांची मागवली. पाचवी, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची बी तार साधारण ३१ हर्ट्‌झवर लागते, आणि स्वस्त वाद्यावर नेमकी तीच तार सैल आणि गढूळ वाजते. सहा महिने तो त्या तारेवर केवळ अंगठा टेकवून वाजवत होता.

दुसरा मुद्दा तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा, म्हणजे स्केलचा. नेहमीच्या बेसचे स्केल ३४ इंच असते आणि छोट्या बेसचे ३० इंच. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी किंवा लहान हातांसाठी ३० इंची बेस सोयीची पडते. इतरांनी ३४ इंची घ्यावी. छोट्या स्केलला तारांचा संचही त्याच मापाचा लागतो आणि तो सहज मिळेलच असे नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

तिसरा मुद्दा पॅसिव्ह की अ‍ॅक्टिव्ह. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते. पहिल्या वाद्याला बॅटरी नसलेली पॅसिव्ह बरी, कारण बिघडण्याजोगे भाग कमी असतात.

यामाहाची टीआरबीएक्स १७४, आयबानेझची जीएसआर १८०, कॉर्टची अ‍ॅक्शन मालिका आणि फेंडर कंपनीच्या स्क्वायर या नावाखाली येणाऱ्या बेस यांकडे आधी पाहावे. या मॉडेलांचे सुटे भाग, मापे आणि वाजवून दाखवलेले व्हिडिओ सहज सापडतात. दुरुस्तीच्या वेळी हे फार कामाला येते. बजेट यांच्यापर्यंत पोहोचत नसेल तर भारतीय विक्रेत्यांच्या स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बेस घेता येतात. मात्र अशा वेळी टप्पा ६ मधली तपासणी दुप्पट काटेकोरपणे करावी.

*तपासणी :* व्हिडिओ मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून निर्णय घेऊ नये. बेसची ई तार सुमारे ४१ हर्ट्‌झवर असते आणि मोबाइलचा स्पीकर तो मूळ स्वर देऊच शकत नाही. आपण ऐकतो ते केवळ वरचे पडसाद असतात. चांगला हेडफोन लावूनच ऐकावे.

टप्पा ३ : विक्रीचे पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे

छायाचित्र आणि किंमत पाहून थांबणे ही इथली मोठी चूक. प्रत्यक्ष विक्री कोण करतो आहे, हे पाहावे. मोठ्या संकेतस्थळावर वस्तू दिसत असली तरी ती विकणारा भलताच कोणी असतो आणि वॉरंटीची पावती त्याच्या नावाने येते. परत घेण्याच्या अटीत ‘परत’ आणि ‘बदलून’ हे दोन वेगळे शब्द आहेत. काही ठिकाणी केवळ बदलून मिळते, पैसे मिळत नाहीत. काही ठिकाणी सदोष वस्तूच घेतात, ‘आवडली नाही’ हे कारण चालत नाही. मुदत किती दिवसांची आहे आणि ती वस्तू हाती पडल्यापासून मोजली जाते का, हे स्क्रीनशॉट काढून ठेवावे. आपल्या पिनकोडवरून परतीचे पार्सल उचलले जाते की ते स्वतः कुरियरने पाठवायचे, हेही इथेच कळते. चार किलोंचे आणि सव्वा मीटर लांबीचे खोके स्वखर्चाने पाठवणे स्वस्त नसते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू कोणत्या देशात बनली हे दाखवणे आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क देणे बंधनकारक आहे. ही माहिती ज्या पानावर सापडत नाही, तिथून वाद्य घेऊ नये. परदेशी संकेतस्थळावर किंमत कमी दिसली तरी वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून हिशेब करावा. सदोष वाद्य परत पाठवण्याचा खर्च तर त्या हिशेबात कोणी धरतच नाही.

*सावधान :* ‘कॉम्बो’मधील बॅग बहुधा सहा तारांच्या गिटारची असते आणि बेसचे डोके, म्हणजे खुंट्या असलेले टोक, तिच्याबाहेर राहते. बॅगेची आतली लांबी लिहिलेली नसेल तर ती बॅग जमेस धरू नये.

टप्पा ४ : मागवण्याचा क्रम

या टप्प्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण इथे मी स्वतः फसलो आहे. माझी पहिली बेस आली तेव्हा अ‍ॅम्प अजून मागवायचाच होता. तारा न जोडता छेडून पाहिल्या, सगळे ठीक वाटले, मुलाबाळांनी फोटो काढले. अ‍ॅम्प अकराव्या दिवशी आला. जोडल्यावर ई आणि ए तारा दणदणीत वाजल्या आणि डी व जी तारा शेजारच्या खोलीतून आल्यासारख्या ऐकू आल्या. पिकअप म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग. माझ्या बेसवर होता तसा प्रिसिजन पद्धतीचा पिकअप दोन तुकड्यांचा असतो, एक तुकडा ई आणि ए तारांखाली आणि दुसरा डी व जी तारांखाली. माझ्या वाद्यातील एका तुकड्याची गुंडाळी शॉर्ट झालेली होती. परतीची मुदत सात दिवसांची होती. विक्रेत्याने नम्रपणे नकार दिला आणि नियमाप्रमाणे तो बरोबरच होता.

म्हणून आधी केबल आणि हेडफोन अ‍ॅम्प किंवा अ‍ॅम्प मागवावा. त्यानंतर ट्यूनर आणि एखादी साधी पोलादी पट्टी घरात आहे का, हे पाहावे. हे सर्व हाती आले की मगच बेस मागवावी, आणि तीही अशा दिवशी की मुदतीतले किमान दोन दिवस आपण घरी असू. दिवाळीच्या विक्रीत मागवून दुसऱ्याच दिवशी गावी जाणारे लोक मी पाहिले आहेत.

टप्पा ५ : पार्सल घेताना

खोक्याचे कोपरे आणि दोन्ही टोके पाहावीत. डोक्याच्या बाजूचे टोक चेपलेले असेल तर ते डिलिव्हरी करणाऱ्यासमोरच फोटोत घ्यावे आणि ‘उघडून डिलिव्हरी’ची सोय असल्यास ती वापरावी.

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पार्सल दुपारभर पत्र्याच्या गाडीत तापलेले असते. असे खोके आल्या आल्या फोडून वाद्य कुलरच्या ओल्या वाऱ्यात धरू नये. खोके बंद ठेवून खोलीत तीन-चार तास राहू द्यावे, मग उघडावे.

उघडताना पत्त्याच्या लेबलापासून सुरुवात करून एकसलग व्हिडिओ काढावा. अनुक्रमांक, नेकचा (तारा दाबायच्या लांब दांड्याचा) मागचा भाग, डोके आणि शरीराचा जोड इतके त्यात स्पष्ट दिसले पाहिजे. मध्ये व्हिडिओ थांबवून पुन्हा सुरू केल्यास त्याचे पुराव्याचे मोल कमी होते.

*सावधान :* निकाल लागेपर्यंत पिकगार्डवरचे (तारांखालच्या संरक्षक पट्टीवरचे) प्लास्टिक, टॅग, खोके आणि फोम यांतले काहीही टाकून देऊ नये. ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळीला, हात लावू नये आणि तारा कापू नयेत. ‘वापरलेली वस्तू’ असा शिक्का बसण्यासाठी एवढेही पुरते.

टप्पा ६ : पहिल्या दोन दिवसांची तपासणी

बहुतेक जण येथे उलट क्रमाने जातात : आधी अ‍ॅम्पला जोडतात, मग बझ, म्हणजे तारेची खरखर, ऐकू आला म्हणून घाबरतात. वाद्य सुरात नसताना त्याच्या नेकविषयी काहीच सांगता येत नाही, कारण नेकचा बाक तारांच्या ताणावर अवलंबून असतो.

पहिले काम सूर लावण्याचे. जाड तारेपासून ई, ए, डी, जी असा सूर लावावा. मोबाइलवरचे ट्यूनर अ‍ॅप आणि डोक्याला लावायचे ट्यूनर यांना खालची ई बऱ्याचदा नीट पकडता येत नाही. अशा वेळी बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, अगदी वर तारेला बोट नुसते टेकवून, न दाबता, तार छेडावी आणि बोट लगेच उचलावे. निघणारा घंटेसारखा स्वर एक सप्तक वरचा असतो आणि ट्यूनर तो लगेच ओळखतो. सूर लावून वाद्य रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुन्हा पाहावे. थोडे उतरणे स्वाभाविक आहे. एखादीच तार दरवेळी पुष्कळ उतरत असेल, तर आधी त्या खुंटीवर तिला पुरेसे वेढे आहेत का ते पाहावे, नंतर खुंटीला दोष द्यावा.

दुसरे काम नेक पाहण्याचे. वाद्य वाजवण्याच्या स्थितीत मांडीवर ठेवून डाव्या हाताने ई तार पहिल्या फ्रेटवर आणि उजव्या हाताने नेक शरीराला मिळते त्या फ्रेटवर दाबावी. आता तार सरळ पट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यामध्ये साधारण एका व्हिजिटिंग कार्डाएवढी, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर फट असावी. फट मुळीच नसेल किंवा दोन-तीन कार्डे मावत असतील, तर ते ट्रस रॉडने सुधारते. त्यानंतर वाद्य डोळ्यासमोर धरून ब्रिजच्या (शरीरावर तारा अडकवलेल्या भागाच्या) बाजूने नेकच्या दोन्ही कडा पाहाव्यात. एक कड वर आणि दुसरी खाली झुकलेली, म्हणजे नेक पिळवटलेली दिसली, तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही. ट्रस रॉड पीळ काढू शकत नाही.

तिसरे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते कोणी करत नाही. चारही तारांवर प्रत्येक फ्रेट दाबून मध्यम जोराने स्वर काढावा. २२ फ्रेटची बेस असेल तर हे ८८ स्वर होतात आणि त्यांना पाव तासही लागत नाही. शेजारी कागद घेऊन जिथे खरखर होते किंवा स्वर पटकन मरतो ते घर (दोन फ्रेटमधली जागा) लिहून ठेवावे. खरखर केवळ पहिल्या चार-पाच घरांत असेल तर नेक जास्त सरळ आहे. ती सगळीकडे असेल तर तारा खाली बसवल्या आहेत. एकाच ठिकाणी, उदाहरणार्थ नवव्या घरावर वाजवताना खरखर होत असेल आणि दहाव्यावर ती नाहीशी होत असेल, तर दहावे फ्रेट उचललेले आहे.

चौथे काम अ‍ॅम्पला जोडून ऐकण्याचे. चारही तारा सारख्या जोराने छेडाव्यात. दोन पिकअप असतील तर प्रत्येक स्वतंत्र ऐकावा. प्रत्येक नॉब शून्यापासून पूर्ण आणि परत असा फिरवावा, आणि केबल जॅकजवळ हलक्या हाताने हलवून पाहावी. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर घाबरण्याचे कारण नाही, ब्रिजची अर्थिंगची तार जोडलेली आहे एवढाच त्याचा अर्थ. हात लावल्यावर ती वाढत असेल तर जोडणी उलटी किंवा तुटलेली असण्याची शक्यता असते. मात्र हा निष्कर्ष काढण्याआधी घरातील दुसऱ्या खोलीचे, तीन पिनचे, अर्थिंग असलेले सॉकेट वापरून पाहावे. महाल आणि इतवारीतील जुन्या घरांमध्ये मी वाद्याऐवजी वायरिंगचा दोष अनेकदा पाहिला आहे.

*तपासणी :* पट्टा लावून उभे राहावे आणि हात सोडावेत. डोके खाली जाऊ लागले तर तो दोष नव्हे, वाद्याचा तोल तसा आहे. खरखरीत कापडाच्या रुंद पट्ट्याने ते बरेच सावरते.

टप्पा ७ : परत करायची की ठेवायची

कागदावरच्या नोंदी आता दोन भागांत वाटाव्यात. पिळवटलेली नेक, कोठेही गेलेली चीर, एखादा पिकअप अथवा त्याचा अर्धा भाग मुका असणे, तारा फिंगरबोर्डच्या (नेकवरच्या, फ्रेट बसवलेल्या लाकडी पृष्ठभागाच्या) एका काठाकडे सरकलेल्या असून ‘जी’ तार काठावरून घसरणे, आणि तीन-चारपेक्षा जास्त उचललेली फ्रेट, यांपैकी काहीही असले तर वाद्य परत करावे. सूट देऊ केली तरी घेऊ नये.

तारांची जास्त उंची, नेकचा कमी-अधिक बाक, बाराव्या घराचा बेसूर, दोन तारांच्या आवाजातला थोडा फरक, नॉब फिरवताना होणारी खरखर, सैल जॅक, फ्रेटची टोचणारी टोके आणि एखादे उचललेले फ्रेट ही सेटअपची कामे आहेत. त्यांच्यासाठी वाद्य परत केले तर पुढचेही बहुधा तसेच येईल.

परतीची विनंती फोनवर नव्हे, लेखी करावी. ‘आवाज बरोबर नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘डी आणि जी तारांचा पिकअप काम करत नाही, व्हिडिओ जोडला आहे’ असे लिहावे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तक्रार निकालात काढणे वरील नियमांनुसार अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कोठलाही असला तरी नागपूरच्या ग्राहकाला नागपूरच्याच जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते.

टप्पा ८ : सेटअप

वाद्य ठेवायचे ठरले की मगच पाना हातात घ्यावा. क्रम असा : ट्रस रॉड, तारांची उंची, आणि शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या घरांतही स्वर बरोबर लागणे. हा क्रम उलटला तर प्रत्येक काम दोनदा करावे लागते.

१. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवावा, पुन्हा सूर लावावा आणि फट पुन्हा मोजावी. आवळल्याने नेक सरळ होते, सैल केल्याने बाक वाढतो. पाना नीट बसत नसेल तर जोर लावू नये. इंची आणि मिलिमीटर पान्यांच्या गोंधळात नटाची खाच झिजते आणि मग कारागीरही हात टेकतो.

२. पोलादी पट्टीने सतराव्या फ्रेटवर तारेच्या खालची उंची मोजावी. ई तारेसाठी सुमारे २.४ आणि जी तारेसाठी सुमारे २ मिलिमीटर ही सुरुवात म्हणून ठीक आहे. जोरात वाजवणाऱ्याने थोडी जास्त ठेवावी.

३. इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा न दाबता काढलेला स्वर आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरील त्या तारेचे सॅडल (तार टेकते तो सरकता तुकडा) मागे न्यावे, उतरा असेल तर नेककडे आणावे. हे काम नव्या तारांवर करावे.

फ्रेटची टोके घासणे आणि उचललेले फ्रेट बसवणे मात्र कारागिराकडेच द्यावे. त्याच्याकडे वाद्य ठेवण्याआधी, ‘नेकचा रिलीफ (म्हणजे वर मोजलेली फट) किती ठेवता?’ एवढा एक प्रश्न विचारून पाहावा; जो केवळ तारा बदलतो, तो इथेच ओळखू येतो.

टप्पा ९ : नागपूरच्या हवेत पहिले वर्ष

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्डचे लाकूड आकसते, धातूची फ्रेट तेवढीच राहतात, आणि त्यांची टोके तळहाताला करवतीसारखी लागू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते, नेकचा बाक वाढतो आणि तारा वर आल्यासारख्या वाटतात. त्यामुळे हिवाळ्यात घेतलेल्या बेसची फट एकदा एप्रिलच्या मध्यात आणि एकदा जुलैच्या शेवटी पुन्हा मोजावी. मेमध्ये टोचलेली टोके लगेच घासून घेण्याची घाई करू नये. पाऊस लागल्यावर ती बरीचशी आत जातात, आणि ऑगस्टमध्येही टोचत राहिली तेवढीच घासावीत.

वाद्य कुलरच्या झोतात, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात, अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर केबल काढून ठेवावी, आणि तारा सैल न करता, सुरात असतानाच वाद्य बॅगेत उभे ठेवावे.